डीएनएससेक चालू करायचं, पण कोणत्या क्रमाने?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका पतसंस्थेचं संगणकाचं सगळं काम एकटे बघणारे गृहस्थ विचारतायत. संस्थेचं डॉट इन डोमेन आहे. पेठेतल्या मुख्य कार्यालयात एक आणि बाहेर भाड्याने घेतलेल्या डेटा सेंटरमध्ये एक, असे दोन नेमसर्व्हर, म्हणजे साइटचं नाव विचारल्यावर तिचा पत्ता सांगणारे सर्व्हर, ते बाइंड या सॉफ्टवेअरवर स्वतः चालवतात. मध्यंतरी काही सभासदांना संस्थेच्या नावाच्या खोट्या पानावर नेऊन त्यांचे ओटीपी काढून घेतले गेले. मग ऑडिटमध्ये शेरा आला: "डीएनएससेक कार्यान्वित करावे." डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी व्यवस्था, आणि डीएनएससेक म्हणजे त्या उत्तरांवर डिजिटल सही करायची पद्धत. त्यांचे प्रश्न दोन. हे केलं की खोटं पान बंद होईल का? आणि करताना चूक झाली तर आमचीच साइट बंद पडेल का?

पहिल्याचं उत्तर बहुधा नाही. दुसऱ्याचं उत्तर हो, पडू शकते. तरीही मी म्हणेन, करा. फक्त कशासाठी करतोय हे नीट समजून घ्या आणि क्रम सोडू नका.

आधी झालेल्या फसवणुकीकडे बघू. ज्या सभासदांचे पैसे गेले त्यांच्यापैकी कोणाकडे स्क्रीनशॉट असेल तर मिळवा आणि पत्त्याची ओळ अक्षर न् अक्षर वाचा. तुमच्या नावाला पुढेमागे काहीतरी चिकटवलेलं दुसरंच डोमेन असेल, तर तुमच्या नेमसर्व्हरला कोणी हातही लावलेला नाही. डीएनएससेक एवढंच सिद्ध करतं की या नावाबद्दल मिळालेलं उत्तर हे त्या नावाच्या मालकानेच दिलेलं आहे. भामट्याने स्वतःच्या डोमेनवर डीएनएससेक लावलं तर त्याचीही सही खरीच ठरेल! अशा प्रकारात कामाला येतात ते एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (तुमच्या नावाने आलेला खोटा ईमेल ओळखायला मदत करणाऱ्या नोंदी), सभासदांना पाठवलेल्या सूचना, आणि पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर केलेला फोन. हे ऑडिटरांनाही लेखी सांगा, नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा तसंच खोटं पान निघेल आणि "डीएनएससेक करूनही असं कसं?" हा प्रश्न तुमच्याच अंगावर येईल.

पण स्क्रीनशॉटमध्ये पत्ता तुमचाच, शब्दशः तुमचाच असेल, तर गोष्ट गंभीर आहे. तरी लगेच डीएनएसवर बोट ठेवू नका. रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन जिथून घेतलंय त्या कंपनीच्या, खात्यात कोणी शिरून नेमसर्व्हर बदलले असतील, वेबसर्व्हरच फोडला असेल, सभासदाच्या घरच्या राउटरमधला डीएनएसचा पत्ता बदलला असेल, किंवा ज्याला आपण स्पूफिंग म्हणतो ते झालं असेल. यातल्या शेवटच्यावरच डीएनएससेक हा नेमका इलाज आहे.

स्पूफिंग होतं कसं? पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएस मांडलं, तेव्हा उत्तर कोणाकडून आलं हे तपासायची सोय त्यात नव्हती. सभासदाच्या ब्रॉडबँडवाल्याचा रिझॉल्व्हर, म्हणजे ग्राहकांच्या वतीने नावाचा पत्ता शोधणारा सर्व्हर, तुमच्या सर्व्हरला यूडीपीवर, म्हणजे आधी जोडणी न करता, प्रश्न विचारतो. प्रश्नावर १६ बिटांचा क्रमांक असतो, म्हणजे ६५,५३६ शक्यता. खरं उत्तर पोचायच्या आत कोणी तोच क्रमांक टाकून स्वतःचं उत्तर पुढे सारलं, की रिझॉल्व्हर ते खरं मानतो आणि टीटीएल, म्हणजे उत्तर साठवून ठेवायची मुदत, संपेपर्यंत येईल त्याला तेच देत राहतो. पूर्वी समज असा होता की हल्लेखोराची एक संधी हुकली की टीटीएल संपेपर्यंत त्याला थांबावं लागतं. २००८ मध्ये सुरक्षा संशोधक डॅन कॅमिन्स्की यांनी दाखवलं की थांबायची गरजच नाही. डोमेनमध्ये नसलेली उपनावं एकामागून एक विचारत सुटायचं, म्हणजे दर वेळी नवी संधी, आणि प्रत्येक खोट्या उत्तरासोबत "या डोमेनचा नेमसर्व्हर अमुक पत्त्यावर आहे" अशी पुस्ती जोडायची. एक तुक्का लागला की अख्खं डोमेन हातात.

त्यावर तातडीचा उपाय म्हणून सगळ्यांनी प्रश्न पाठवायचा पोर्ट, म्हणजे संगणकावरच्या दाराचा क्रमांक, तोही यादृच्छिक केला. त्यामुळे अंदाज बांधणं फार अवघड झालं, पण तो अंदाजाचाच खेळ राहिला. २०२० मध्ये सॅड डीएनएस नावाच्या हल्ल्याने हा पोर्टही आडमार्गाने हुडकता येतो हे दाखवून दिलं. सही असली की हा खेळच संपतो. क्रमांक बरोबर आला, पोर्ट बरोबर आला, पण सही जुळली नाही, तर उत्तर केराच्या टोपलीत.

आता ही सही कोण तपासतं आणि कशाच्या आधारावर? पतसंस्थेतल्या माणसाला हे समजायला सोपं जावं, कारण नमुना सहीचं कार्ड तुमच्याकडे रोज हाताळलं जातं. तुमचा सर्व्हर झोनमधल्या, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीतल्या, प्रत्येक नोंदीच्या संचावर खासगी किल्लीने सही करतो; ती आरआरसिग. तपासायची सार्वजनिक किल्ली त्याच झोनमध्ये असते, ती डीएनएसकी. पण किल्ली तुमचीच कशावरून? म्हणून तिचा ठसा वरच्या कार्यालयात, म्हणजे डॉट इनच्या झोनमध्ये, नमुन्यादाखल ठेवलेला असतो, तो डीएस. डॉट इनचा नमुना रूट झोनमध्ये, म्हणजे सगळ्यांत वरच्या पातळीवर, असतो, आणि रूटची किल्ली प्रत्येक तपासणाऱ्या रिझॉल्व्हरमध्ये आधीपासून बसवलेली असते. रूट झोनवर सही १५ जुलै २०१० पासून आहे.

या रचनेतच दुखणंही आहे. सही बदलली आणि नमुना जुनाच राहिला, तर खातेदाराचा स्वतःचा चेक परत येतो. डीएनएससेकमध्ये साइट बंद पडण्याच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यातल्या बहुतेक दोनच जातींच्या असतात: वरचा डीएस आणि खालची किल्ली जुळत नाही, किंवा सहीची मुदत संपली. हल्लेखोर कुठेच नसतो. १८ जानेवारी २०१२ ला अमेरिकेत नासाच्या झोनमध्ये किल्ली बदलताना चूक झाली. कॉमकास्ट या इंटरनेट कंपनीचे रिझॉल्व्हर सह्या तपासत होते, त्यामुळे त्यांच्या ग्राहकांना नासाची साइट दिसेना, आणि लोकांनी कॉमकास्टवरच नासाची साइट अडवल्याचा आरोप केला. तपासणाऱ्यालाच बोल, असा प्रकार.

तुमच्या बाबतीत काय करावं हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे. पहिली, तुमच्या रजिस्ट्रारच्या पॅनलमध्ये डीएस भरायची जागा आहे का? डॉट इन रजिस्ट्री डीएस घेते, पण मधला प्रत्येक रजिस्ट्रार ती सोय देतोच असं नाही. कुठे फॉर्म असतो, कुठे तिकीट टाकून वाट बघावी लागते. तिकिटावर चालणाऱ्या ठिकाणी मी डीएनएससेक लावत नाही, आधी रजिस्ट्रार बदलते. अडचणीच्या वेळी डीएस काढायला दोन दिवस लागले तर ते दोन दिवस साइट बंद.

दुसरी गोष्ट माणसांची. तुम्ही एकटे आहात. तुम्ही रजेवर गेलात, आजारी पडलात, नोकरी सोडली, तर पुढे कोण? स्पष्ट सांगायचं तर एका माणसाच्या जिवावर चालणाऱ्या संस्थेने नेमसर्व्हर स्वतः चालवण्यापेक्षा, सह्या आणि त्यांचं नूतनीकरण आपोआप करणाऱ्या एखाद्या डीएनएस सेवेकडे झोन सोपवावा. मग तुमच्याकडे एवढंच काम उरतं: त्यांनी दिलेला डीएस रजिस्ट्रारकडे भरणं. संचालक मंडळाला "सर्व्हर आपलेच हवेत" असा आग्रह असेल तर तोही ठीक, पुढचं त्यासाठीच लिहितेय.

तिसरी, तुमच्या शाखांमधले संगणक कोणत्या रिझॉल्व्हरला विचारतात. सही केली आणि तपासणारा कोणी नसला तर उपयोग शून्य. ८.८.८.८, १.१.१.१ आणि ९.९.९.९ हे सर्वांसाठी खुले रिझॉल्व्हर तपासतात. ब्रॉडबँडवाल्यांचं कंपनीगणिक वेगळं. स्वतः बघा: डीएनएससेक-फेल्ड डॉट ऑर्ग हे डोमेन मुद्दाम बिघडवून ठेवलेलं आहे. ते शाखेतल्या संगणकावर उघडलं, तर तिथे कोणी तपासत नाही. हे काम सही करायच्या आधी उरका, कारण त्यात धोका जवळपास नाही आणि फायदा लगेच. मात्र तपासणी रिझॉल्व्हरमध्ये होते. तिथून सभासदाच्या मोबाइलपर्यंतचा शेवटचा टप्पा सहीने झाकला जात नाही. आणि डीएनएससेक काही लपवतही नाही, कोण काय विचारतंय ते वाटेत वाचता येतंच.

आता क्रम. पहिल्या दिवशी बाइंडला हात लावू नका. रजिस्ट्रारच्या खात्याचा पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची ओळख चालू करा, ट्रान्सफर लॉक (डोमेन परस्पर दुसरीकडे हलवता येऊ नये म्हणूनचं कुलूप) आहे का बघा, आणि खात्याचा ईमेल वेब डिझायनरच्या नावावर नाही ना, हे पाहून घ्या. पुण्यात मी पाहिलेल्या छोट्या संस्थांपैकी बऱ्याच ठिकाणी डोमेन कोणाच्या तरी ओळखीतल्या डिझायनरने घेतलेलं असतं आणि पासवर्ड त्याच्याच फोनमध्ये असतो. ते खाते ज्याच्या हातात, त्याला तुमचा डीएसही बदलता येतो. मग सहीला अर्थ काय?

दुसरं काम घड्याळाचं. हे सगळ्यांना क्षुल्लक वाटतं. प्रत्येक सहीला सुरुवात आणि शेवट अशा दोन वेळा असतात. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली, यूपीएसने मान टाकली, आणि जुन्या सर्व्हरच्या मदरबोर्डवरचा सेल मेलेला असला, तर मशीन उठतं ते भलत्याच वर्षात, आणि त्याच वर्षाच्या तारखांनी सह्या करत सुटतं. बाइंड सुरुवातीची वेळ एक तास मागे धरतो, त्यामुळे पाच-दहा मिनिटांचा फरक खपून जातो, वर्षांचा नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवायची आहेतच, ते इथेही कामी येतं. आणि नेमसर्व्हरची सेवा वेळ जुळल्यावरच सुरू होईल असं लावून ठेवा.

तिसरं, फायरवॉलमध्ये ५३ क्रमांकाचा पोर्ट टीसीपीसाठीही, म्हणजे आधी जोडणी करून होणाऱ्या देवाणघेवाणीसाठीही, उघडा. सह्यांमुळे उत्तरं मोठी होतात आणि यूडीपीत मावली नाहीत तर रिझॉल्व्हर टीसीपीवर येतो. याच कारणासाठी अल्गोरिदम १३ घ्या, म्हणजे ईसीडीएसए पी-२५६. त्याची सही ६४ बाइटांची असते, आरएसए २०४८ ची २५६. जुनी मार्गदर्शकं वाचून आरएसएच्या दोन-दोन किल्ल्या करत बसू नका.

मग प्रत्यक्ष सही. बाइंड ९.१६ पासून झोनच्या नोंदीत "डीएनएससेक-पॉलिसी डीफॉल्ट" एवढं लिहिलं की तो स्वतः किल्ली बनवतो, सह्या करतो, त्या नव्या करत राहतो. एकच किल्ली, अल्गोरिदम १३, आपोआप न बदलणारी. मी यातली एकच गोष्ट बदलते, मुदत. डीफॉल्टमध्ये सही १४ दिवसांची असते आणि संपायच्या ५ दिवस आधी नवी होते. म्हणजे कार्यालयातला मुख्य सर्व्हर वाईटात वाईट वेळी बंद पडला, तर डेटा सेंटरमधल्या दुय्यम सर्व्हरकडच्या काही सह्यांना जेमतेम पाच दिवस उरलेले असतील. धनत्रयोदशी ते भाऊबीज धरली की तेवढे दिवस तिथेच गेले. म्हणून सही ३० दिवसांची आणि नूतनीकरण १५ दिवस आधी, असं स्वतःचं धोरण लिहा. मग काहीही झालं तरी हातात दोन आठवडे राहतात. एसओए या झोनच्या मुख्य नोंदीतली एक्स्पायरची मुदत (मुख्य सर्व्हरशी संपर्क तुटल्यावर दुय्यमाने किती काळ उत्तरं द्यायची ती) मात्र त्याहून कमी ठेवा. मुख्य सर्व्हर मेलेला असताना दुय्यमाने मुदत संपलेल्या सह्या वाटत बसण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

एखादं नाव झोनमध्ये नाहीच हे सहीने सिद्ध करायला एनएसईसी वापरायचं की एनएसईसी३, हा वाद तुमच्यासाठी नाही. एनएसईसीमुळे झोनमधली सगळी नावं कोणालाही ओळीने काढता येतात हे खरं, पण तुमच्या झोनमध्ये वेब, मेल आणि नेटबँकिंग सोडून लपवण्यासारखं काय आहे? साधं एनएसईसी ठेवा. कोणी एनएसईसी३ चाच हट्ट धरला तर इटरेशन शून्य आणि सॉल्ट रिकामं, २०२२ पासून शिफारस हीच आहे.

सही झाली की लगेच डीएस भरू नका. या टप्प्यावर जगाला तुमची सही दिसते, पण नमुना वर नसल्यामुळे कोणी ती तपासत नाही. म्हणजे बिघडलं तरी कोणाचं अडत नाही. हा फुकटचा सरावाचा काळ आहे, निदान एक नूतनीकरण आपोआप होताना बघेपर्यंत तो वापरा. डिग या डीएनएस तपासायच्या आज्ञेला "प्लस डीएनएससेक" लावून दोन्ही सर्व्हरना वेगवेगळं विचारा. आरआरसिगच्या ओळीत चौदा आकड्यांच्या दोन वेळा शेजारी-शेजारी दिसतील, आणि पहिली वेळ संपण्याची असते, सुरुवातीची नाही. उदाहरणार्थ २०२५११०२०४३००० म्हणजे २ नोव्हेंबर २०२५, यूटीसी साडेचार, आपल्याकडे सकाळचे दहा. दोन सर्व्हरवर या वेळा वेगळ्या दिसल्या तर झोन ट्रान्सफर, म्हणजे मुख्य सर्व्हरवरून दुय्यमाकडे नोंदी जाणं, अडकलाय, तो आधी सोडवा. याच काळात किल्लीच्या फायलींची प्रत कूटबद्ध करून वेगळ्या जागी ठेवा. संस्थेची तिजोरी त्यासाठी उत्तम.

मग डीएस. फॉर्ममध्ये चार रकाने असतात: की टॅग (किल्लीचा छोटा क्रमांक), अल्गोरिदम १३, डायजेस्टचा प्रकार २, आणि ६४ अक्षरांचा डायजेस्ट, म्हणजे किल्लीचा तोच ठसा. डिगच्या उत्तरातून उचललात तर त्या ६४ अक्षरांच्या मध्ये एक रिकामी जागा येते, ती काढा, नाहीतर काही पॅनल अर्धाच मजकूर घेतात. हे काम मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी करा, शुक्रवारी संध्याकाळी नको आणि गणपतीच्या दहा दिवसांत तर मुळीच नको. विसर्जनाच्या दिवशी पेठेतल्या कार्यालयापर्यंत पोचणार कसे? वर डीएस दिसायला लागला की ८.८.८.८ ला विचारा. उत्तरातल्या फ्लॅग्जच्या ओळीत "एडी" आलं म्हणजे साखळी जुळली. डीएनएसव्हिझ या साइटवर तीच साखळी चित्ररूपात दिसते.

इथे बरेच जण हुश्श करतात. खरं काम पुढे आहे. हिंजवडीतल्या एका कंपनीत सह्या करणारी स्क्रिप्ट एका जुन्या मशीनवर चालायची. ती लावणारा माणूस सोडून गेला, मशीन कोणीतरी बंद केलं, आणि दिवाळीच्या सुट्टीत सह्यांची मुदत संपली. सगळ्यांनाच साइट दिसेनाशी झाली असती तर तासाभरात उलगडा झाला असता. पण ज्यांचा रिझॉल्व्हर तपासत नव्हता त्यांना सगळं व्यवस्थित दिसत होतं. तक्रारी येत होत्या त्या "घरी उघडतं, ऑफिसात नाही" अशा, आणि दोन दिवस वेबसर्व्हरच्या लॉगमध्येच शोधाशोध चालली. अशी अर्धवट तक्रार आली की पहिल्यांदा ८.८.८.८ ला विचारा. सर्व्हफेल (उत्तर देता येत नाही असा निरोप) आलं, आणि "प्लस सीडी" लावून, म्हणजे तपासू नकोस असं सांगून विचारल्यावर नीट उत्तर मिळालं, तर दोष डीएनएससेकमध्येच आहे. अर्ध्या मिनिटाचं काम.

म्हणून पहारा बसवा. बाहेरच्या एखाद्या मशीनवरून रोज तपासा की सहीला किती दिवस उरलेत आणि वरचा डीएस खालच्या किल्लीशी जुळतोय का. दहा दिवसांच्या खाली आकडा गेला की एसएमएस, आणि तो एकट्या तुम्हाला नको, आणखी एकाला तरी जायला हवा. एचटीटीपीएसचं प्रमाणपत्रही यात अडकतं हे लक्षात असू द्या: लेट्स एन्क्रिप्टसारखे प्रमाणपत्र देणारे डीएनएससेक तपासतात, त्यामुळे सह्या बिघडलेल्या असतील तर नूतनीकरणही अडतं.

आता तुमच्या भीतीचा प्रश्न: मागे कसं यायचं? इथे घाई घात करते. आधी रजिस्ट्रारकडून डीएस काढायचा. मग त्याचा टीटीएल पूर्ण संपू द्यायचा, वर थोडा वेळ जास्तच. त्यानंतर बाइंडमध्ये धोरण "इन्सिक्युअर" करायचं. उलट केलंत, म्हणजे आधी सह्या काढल्यात, तर जगभरच्या रिझॉल्व्हरकडे जुना नमुना शिल्लक राहतो आणि ते बिनसहीचं उत्तर नाकारतात. ३० सप्टेंबर २०२१ ला स्लॅक या ऑफिसातल्या संदेशांच्या सेवेने डीएनएससेक लावताना अडचण आली म्हणून ते मागे घेतलं, आणि कॅशमध्ये उरलेल्या डीएसमुळे काही वापरकर्ते २४ तासांपर्यंत बाहेर राहिले. एवढी मोठी कंपनी, हाताशी तज्ज्ञ, तरीही टीटीएलपुढे कोणाचं चालत नाही.

हाच नियम होस्टिंग बदलताना. नेमसर्व्हर बदलण्याआधी डीएस काढा, टीटीएल जाऊ द्या, मग हलवा. दोन्ही बाजूंच्या किल्ल्या जुळवून सही न सोडताही हलता येतं, पण एकट्या माणसाने त्या भानगडीत पडू नये. डिझायनरने "साइट नवीन सर्व्हरवर टाकली" म्हणत परस्पर नेमसर्व्हर बदलायचे आणि डीएस तसाच राहायचा, हा प्रकार मी इतक्यांदा बघितलाय की करारातच एक ओळ टाका: नेमसर्व्हर बदलण्याआधी संस्थेची लेखी संमती.

राहिले ऑडिटर. त्यांना डीएनएसव्हिझचं छापील चित्र, रजिस्ट्रार खात्याच्या कुलपाचा पुरावा, पहाऱ्याच्या सूचना कोणाकोणाला जातात त्याची यादी आणि मागे येण्याची लिहिलेली पद्धत द्या. ते बहुधा "किल्ली दरवर्षी बदलता का?" असं विचारतील. माझं मत असं की किल्ली फुटल्याचा संशय असेल, किंवा ती हाताळणारा माणूस सोडून गेला, तरच बदलावी. विनाकारण दरवर्षी बदलली तर बिघाडाची एक संधी दरवर्षी नव्याने तयार होते. रूट झोनची मुख्य किल्लीसुद्धा २०१० नंतर पहिल्यांदा बदलली ती ११ ऑक्टोबर २०१८ ला, आणि तीही वर्षभर पुढे ढकलून. ऑडिटर तरीही अडून बसले तर बदला, पण आधी कामाचं नसलेलं एखादं डोमेन घेऊन त्यावर पूर्ण फेरी करून बघा: नवी किल्ली, नवा डीएस, दोन्ही टीटीएलची वाट, मग जुनी काढणं. त्या डोमेनवर ते सुरळीत झालं तरच संस्थेच्या डोमेनला हात लावा.